वर्ध्यातून दिसणारी बिअर

पुलगावच्या पुलावरून वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा लागतो, आणि नदीबरोबर एक कायदाही मागे पडतो. अलीकडच्या काठावर दारूची बाटली विकणे हा गुन्हा; पलीकडे तीच बाटली परवान्याच्या दुकानात उघड मिळते. गांधीजींचे सेवाग्राम आणि विनोबांचे पवनार ज्या जिल्ह्यात, तिथे दारूची दुकाने नसावीत, या भावनेतून १९७० च्या दशकाच्या मध्यात वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आली. पुढे विदर्भातच १९९३ मध्ये गडचिरोली आणि २०१५ मध्ये चंद्रपूर हे जिल्हे त्याच वाटेने गेले. चंद्रपूरची बंदी २०२१ मध्ये उठली. वर्ध्याची आजही कायम आहे.

अशा जिल्ह्यात बसून क्राफ्ट बिअरच्या भवितव्यावर लिहायचे म्हणजे एकादशीला मटणाच्या रश्श्याची चर्चा करण्यासारखे. तरीही पुण्या-मुंबईच्या झगमगीत टॅपरूममध्ये, म्हणजे ताजी बिअर थेट नळातून देणाऱ्या बारमध्ये, जे सहसा दिसत नाही, ते इथून बरेच स्वच्छ दिसते. एखादे पेय बाजारात टिकेल की नाही हे त्याच्या चवीवर फार थोडे अवलंबून असते. परवाना कोणाला मिळतो, कर कसा बसतो आणि पेय न बिघडता किती लांब जाते, या गोष्टी चवीच्या आधी निकाल लावून टाकतात. शिवाय छोट्या हातांनी केलेल्या मालाने गिरणीच्या मालापुढे टिकायचे कसे, या प्रश्नावर देशात जितके डोके वर्ध्यात खपवले गेले तितके क्वचितच कुठे खपवले गेले असेल.

आधी बंदीचे गणित पाहू. पाच टक्क्यांच्या बिअरच्या ६५० मिलीच्या बाटलीत साधारण ३२ मिली शुद्ध अल्कोहोल असते. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या १८० मिलीच्या पव्व्यात ते ७७ मिली भरते. म्हणजे खिशात मावणाऱ्या पव्व्यात बिअरच्या दोन बाटल्यांहून जास्त नशा असते, आणि बिअरची बाटली मात्र जड, फुटणारी, शिवाय गार केल्याशिवाय कोणी हात न लावणारी. चोरून माल आणणाऱ्याला पकडले जाण्याचा धोका दोन्हींत सारखाच. मग तो काय आणेल? अमेरिकेत १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात हेच झाले. बिअर पिणारा देश कडक दारूकडे वळला, कारण ट्रकच्या चोरकप्प्यात पिंपांपेक्षा बाटल्या सोयीच्या पडतात. रिचर्ड कोवन यांनी १९८६ मध्ये अमली पदार्थांबद्दल लिहिताना याला बंदीचा पोलादी नियम म्हटले: कायदा जितका कडक, तितका माल जहाल. बंदीच्या बाजारात सगळ्यात आधी बळी जातो तो सौम्य पेयाचा.

वर्ध्यातल्या स्थानिक वर्तमानपत्रांत पोलिसांच्या ‘वॉश आउट’ मोहिमेच्या बातम्या येतात. त्यांत इतके लिटर ‘मोहा सडवा’ नष्ट केला, इतके लोखंडी ड्रम फोडले, असा हिशेब असतो. हा सडवा म्हणजे पाण्यात आंबवलेली मोहफुले. वाळलेल्या मोहफुलाचा निम्म्याहून अधिक भाग साखरच असते. पाण्यात भिजवून ठेवले की काही दिवसांत यीस्ट ती साखर खाते आणि अल्कोहोल नि कार्बन डायऑक्साइड सोडते. जीवशास्त्राच्या नजरेने पाहिले तर ड्रममधला सडवा आणि पुण्यातल्या एखाद्या ब्रुअरीच्या टाकीतली कोवळी बिअर यांच्यात अंतर थोडेच आहे. फरक पुढे पडतो. ब्रुअर टाकी गार करतो आणि पेय तसेच ग्लासात येते. भट्टीवाला ड्रमखाली जाळ लावतो आणि वाफेतून कडक मोहा काढतो. त्याला तसे करावेच लागते, कारण सौम्य, फसफसणारे, दोन दिवसांत आंबूस होणारे पेय झुडपात लपवून विकण्याचा धंदा परवडत नाही. झारखंड-ओडिशात तांदळाची हंडिया आजही आठवडी बाजारात मडक्यातून मिळते. तिथे पेयाला लपावे लागत नाही.

यावरून दारूबंदी चूक होती असा निष्कर्ष मी काढणार नाही. दारूने घर कसे बसते हे गावातल्या बायकांना कोणी समजावून सांगायला लागत नाही, आणि महाराष्ट्रभर दुकानबंदीच्या मतदानात ‘आडवी बाटली’ या चिन्हाला मते देऊन त्यांनी दुकाने बंद पाडली ती हौसेने नव्हे. मुद्दा इतकाच, की कायद्याचा आकार पेयाच्या आकारावर उमटतो. बंदी असते तिथे हे ढळढळीत दिसते, आणि बंदी नसते तिथे तेच काम परवान्याचे शुल्क आणि कराचे टप्पे गुपचूप करत असतात.

आता वर्ध्याची दुसरी गोष्ट. डिसेंबर १९३४ मध्ये इथे अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी दिलेल्या जागेत, मगनवाडीत, त्याचे काम सुरू झाले आणि सूत्रे होती जे. सी. कुमारप्पांच्या हाती. लंडनमध्ये हिशेबनीस म्हणून तयार झालेला, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला हा माणूस घाण्याचे तेल, हातसडीचा तांदूळ, हातकागद, मधमाश्या यांचा जमाखर्च मांडत बसला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की गिरणीचा माल स्वस्त दिसतो कारण त्याची पुष्कळशी किंमत दुसऱ्याच कोणाच्या तरी खात्यावर पडलेली असते. नदीच्या, जमिनीच्या, बेकार झालेल्या कारागिराच्या.

या उद्योगांत एक होता ताडगुळाचा. या भागात शिंदीची झाडे, त्यांचा रस काढून आंबवून शिंदी पिण्याची चाल जुनी. शिंदी काय किंवा ताडी काय, दोन्हींत अल्कोहोल साधारण चार ते सहा टक्के, म्हणजे नेमके बिअरइतकेच. म्हणजे विदर्भाची देशी बिअर झाडावरच तयार होत होती. गांधीजींचा विरोध झाडाला नव्हता, आंबण्याला होता. पहाटे उतरवलेला ताजा रस, नीरा, गोड आणि निरुपद्रवी. उन्हे चढली की तासा-दोन तासांत त्यात यीस्टचे काम सुरू होते. गजानन नाईक या कार्यकर्त्याने सेवाग्रामच्या परिसरात नीरा आटवून गूळ करण्याचे काम उभे केले. मडक्याला आतून चुना लावायचा म्हणजे यीस्टला रस मानवत नाही, रस लगेच चुलीवर चढवायचा, आणि ज्या झाडाने शिंदी दिली असती त्याच झाडाने गूळ द्यायचा. बाजारात हे फार चालले नाही. ऊसगूळ स्वस्त होता, नीरा टिकत नव्हती, आणि ती केव्हाही शिंदी होऊ शकते म्हणून सरकारने तिच्यासाठीही परवाना लावला. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. आता त्याला महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणतात. त्याच्या व्याख्यांमध्ये गोड नीरेचीही नोंद आहे.

ताजे, टिकत नाही, लांब नेता येत नाही, छोट्या प्रमाणावर होते, आणि कायदा त्याला मोठ्या कारखान्याच्याच फूटपट्टीने मोजतो. नीरेची ही पाच दुखणी आज शब्दशः क्राफ्ट बिअरची आहेत. कुमारप्पांना ही तुलना मुळीच रुचली नसती. पण ती खरी आहे.

क्राफ्ट बिअर म्हणजे काय, याचे कायदेशीर उत्तर भारतात नाही. व्यवहारात अर्थ असा, की छोट्या प्रमाणावर, शक्यतो अख्ख्या माल्टपासून, हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुले) आणि यीस्टचा स्वाद राखून केलेली, बहुधा पाश्चराइज न केलेली बिअर. बार्ली भिजवून मोड आणतात, वाळवतात, भरडतात आणि ६५ अंशांच्या आसपास गरम पाण्यात ठेवतात. मोडातली विकरे स्टार्चची साखर करतात. तो गोड काढा हॉप्सबरोबर उकळतात, गार करतात, यीस्ट घालतात. अठरा-वीस अंशांत आंबली तर ती एल, दोन-तीन आठवड्यांत तयार. दहा-बारा अंशांत आंबवून शून्याजवळ मुरवली तर लागर, महिना-दीड महिना टाकी अडवून बसणारी. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, पण त्यात केळेही नसते आणि लवंगही. यीस्ट आंबवताना जी रसायने सोडते त्यांचा तो वास. मोठ्या कारखान्यात बार्लीबरोबर तांदूळ, मका किंवा साखर वापरून खर्च उतरवतात, बाटली साठ अंशांवर पाश्चराइज करतात, आणि मग ती उन्हात तापलेल्या ट्रकमधून देशभर फिरते. भारतीय ग्राहकाने त्यातही स्ट्राँग बिअरला कौल दिला. बाजाराचा बहुतांश हिस्सा पाच ते आठ टक्क्यांच्या बिअरचा आहे, कारण गिऱ्हाईक रुपयाला किती चढते ते मोजते. वर्ध्याच्या पव्व्याचे गणितच हे, जरा सौम्य रूपात.

महाराष्ट्रात क्राफ्ट बिअरच्या चळवळीची सुरुवात २००९ मध्ये पुण्यात झाली. सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी ऑलिव्हर शाउफ या जर्मन ब्रुअरला घेऊन डूलाली सुरू केली. तेव्हा बिअर बनवण्याचा परवाना म्हणजे कारखान्याचा परवाना; हॉटेलात टाकी बसवून तिथेच ग्लास भरायचा, ही कल्पना उत्पादन शुल्क खात्याच्या कागदांत बसवायलाच बराच वेळ गेला. मग वाट मोकळी झाली. २०१४ मध्ये पुण्यात इंडिपेंडन्स आणि एफिंगट उभ्या राहिल्या, त्याच वर्षी मुंबईच्या बारना पिंपांतून बिअर पुरवणारी गेटवे आली. नंतर पुण्यातच ग्रेट स्टेट एलवर्क्सने कोकम-मिठाची बिअर केली आणि मूनशाइनने मधाची मीड. मीड नावाचे काही असते हेच उत्पादन शुल्क खात्याच्या कोष्टकात नव्हते. त्यामुळे मध आंबवण्याआधी फाइल आंबवावी लागली. बंगळुरूत २०१० मध्येच टॉइट सुरू झाली आणि ते शहर पुण्याच्या पुढे निघून गेले.

या सगळ्या यशस्वी नावांत एक गोष्ट समान आहे. जी टिकली ती बहुतेक दारात विकणारी. टाकी आणि ग्लास यांच्यामध्ये पंधरा-वीस फुटांची नळी, त्यापलीकडे काही नाही. वितरक नाही, दुकानदाराचे कमिशन नाही, बाटली-बूच-लेबल नाही, शीतसाखळी नाही. शिवाय खाणे विकता येते, आणि नफ्याचा मोठा भाग तिथेच असतो. याची दुसरी बाजू २०२० च्या टाळेबंदीने दाखवली. दारे बंद झाली आणि टाक्यांतली बिअर नाल्यात ओतून द्यावी लागली. कारखान्याची पाश्चराइज बाटली गोदामात सहा महिने निवांत बसते. ताजी बिअर दार उघडायची वाट पाहू शकत नाही.

दार सोडून बाहेर पडलेल्यांचे काय होते, याचा धडा बिरा ९१ ने दिला. अंकुर जैन यांच्या बी९ बेव्हरेजेसने २०१५ मध्ये ही बिअर आणली. सुरुवातीला ती बेल्जियममध्ये बनत असे, मग भारतात बनू लागली. कमी कडवट, गव्हाची, माकडाच्या चित्राची ही बाटली शहरी तरुणांत झपाट्याने पसरली. जपानच्या किरिनने पैसे गुंतवले. काटेकोरपणे पाहिले तर एवढ्या प्रमाणावर बनणाऱ्या बिअरला क्राफ्ट म्हणावे का, हा वाद होताच. मग शेअर बाजाराची तयारी म्हणून कंपनी ‘प्रायव्हेट लिमिटेड’ची नुसती ‘लिमिटेड’ झाली. नावातला एक शब्द गेला. पण भारतात दारू हा राज्यांचा विषय. प्रत्येक राज्यात प्रत्येक लेबल कंपनीच्या नावानिशी नोंदवलेले असते. नाव बदलले म्हणून ती सगळी लेबले राज्याराज्यांत नव्याने नोंदवणे आले. त्यात महिने गेले, तयार माल विकता आला नाही, सुमारे ८० कोटी रुपयांचा साठा खर्ची टाकावा लागला. २०२३-२४ मध्ये विक्री ६३८ कोटींची आणि तोटा ७४८ कोटींचा, असा ताळेबंद निघाला. २०२५ मध्ये पगार थकल्याच्या तक्रारी घेऊन कर्मचाऱ्यांनी संस्थापकालाच बाजूला करण्याची मागणी केली. तोट्याची मुळे अर्थात जुनी होती, जाहिरात आणि विस्तारावर पाण्यासारखा खर्च होत होता; पण मोडला तो कणा लेबलाच्या नोंदणीने. मोठ्या बहुराष्ट्रीय कंपनीकडे राज्यागणिक माणसे, वकील आणि सहा महिने कळ काढायला पैसा असतो. छोट्या ब्रुअरीला दुसरे राज्य म्हणजे दुसरा देश.

दुकानाच्या फळीचे तसेच. महाराष्ट्रात वाइन शॉपचे आणि देशी दारूच्या दुकानांचे नवे परवाने १९७० च्या दशकापासून गोठवलेले आहेत. लोकसंख्या वाढली, पिणारे वाढले, दुकाने तीच. बिअर शॉपी वाढल्या, पण त्यांचे फ्रिजही ज्या कंपनीने फ्रिज दिला तिच्याच बाटल्यांनी भरलेले असतात. नव्या, महाग, लवकर बिघडणाऱ्या बाटलीला तिथे जागा मिळायची म्हणजे दुकानदाराने आपला फायदा सोडायचा. तो का सोडेल?

अमेरिकेत या सगळ्याची पुढची पायरी पाहायला मिळते. तिथे १९७० च्या दशकाच्या अखेरीस शंभरही ब्रुअऱ्या उरल्या नव्हत्या. फ्रिट्झ मेटॅग यांनी १९६५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोची डबघाईला आलेली अँकर ब्रुअरी घेऊन चालवून दाखवली, आणि १९७८ मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी घरी बिअर करण्याला केंद्राची मोकळीक देणाऱ्या कायद्यावर सही केली. घरच्या स्वयंपाकघरात शिकलेली मंडळी धंद्यात उतरली. आज तिथे नऊ हजारांहून अधिक ब्रुअऱ्या आहेत. मोठ्या कंपन्यांनी आधी हसून पाहिले, मग विकत घेतले. शिकागोची गूस आयलंड २०११ मध्ये एबी इनबेव्ह या बड्या कंपनीकडे गेली. अँकरही २०१७ मध्ये जपानच्या सप्पोरोने घेतली आणि २०२३ मध्ये बंद केली. २०२४ मध्ये अमेरिकेत नव्या उघडलेल्यांपेक्षा बंद पडलेल्या क्राफ्ट ब्रुअऱ्या जास्त निघाल्या. जवळजवळ दोन दशकांत असे झाले नव्हते. तरुण मुले कमी पितात, पितात ते डब्यातले कॉकटेल. गर्दी एवढी झाली की छोट्याची स्पर्धा मोठ्याशी राहिली नाही, गल्लीतल्या दुसऱ्या छोट्याशी सुरू झाली. पुणे आणि बंगळुरू त्या वळणाकडे निघाले आहेत असे मला वाटते. नव्या ब्रुअरीची जाहिरात बिअरची असण्यापेक्षा छताच्या उंचीची आणि डीजेची असू लागली, की समजावे.

विदर्भाचा प्रश्न याहून वेगळा आणि आधी हवामानाचा. मे महिन्यात वर्ध्यात पारा ४५ च्या वर जातो. बिअरचा खरा शत्रू ऑक्सिजन, आणि उष्णता त्याला हात देते; तापमान दहा अंशांनी वाढले की बिघाडाचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. ताज्या हॉप्सचा वास आधी जातो, मग ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. उजेडानेही हॉप्समधले कडू घटक फुटून कुबट वास सुटतो, म्हणून तर बाटली तपकिरी असते. पुण्याहून नागपूरला पाश्चराइज न केलेले पिंप आणायचे तर सातशे किलोमीटर ते चार अंशांवर राखले पाहिजे. हे भाडे बिअरच्या खर्चालाच गाठते. त्यामुळे विदर्भात क्राफ्ट बिअर यायची तर ती इथेच बनली पाहिजे, दुसरा रस्ता नाही.

इथे बनवायची तर पाणी आणि धान्य. एक लिटर बिअरला कारखान्यात तीन ते पाच लिटर पाणी सहज लागते. महाराष्ट्राची बिअरची राजधानी औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर. २०१६ च्या दुष्काळात तिथल्या मद्य कारखान्यांचे पाणी निम्म्याने आणि पुढे ६० टक्क्यांपर्यंत तोडण्याचा आदेश उच्च न्यायालयाच्या खंडपीठाला द्यावा लागला. छोटी ब्रुअरी एकूण पाणी अर्थातच थोडे पिते, पण लिटरमागे ती बहुधा मोठ्या कारखान्यापेक्षा जास्तच पाणी वापरते. हे क्राफ्टवाले सहसा सांगत नाहीत.

धान्याची गोष्ट अधिक रंजक आहे. बार्ली राजस्थान-हरियाणाकडून येते, हॉप्स जर्मनी-अमेरिकेतून, यीस्ट बहुधा परदेशी पाकिटातून. स्थानिक म्हणून मिरवणाऱ्या पेयात स्थानिक असते ते पाणी आणि वीजबिल. वर्ध्याच्या काळ्या जमिनीत पूर्वी ज्वारी असे. कापूस आणि सोयाबीनने ती मागे सारली. ज्वारीची बिअर होते का? आफ्रिकेत घरोघरी होते, आणि कारखान्यातही होते. नायजेरियाने १९८८ मध्ये बार्लीच्या माल्टच्या आयातीवर बंदी घातली तेव्हा तिथल्या बड्या कंपन्यांनाही ज्वारीकडे वळावे लागले. अडचण अशी, की ज्वारीचा स्टार्च बार्लीपेक्षा जास्त तापमानाला उकलतो आणि तिच्या मोडातली विकरे त्या मानाने दुबळी पडतात, म्हणून दोन टप्प्यांत शिजवावे लागते किंवा बाहेरून विकरे घालावी लागतात. तंत्र अवघड नाही, फक्त पाठ्यपुस्तकातले नाही. वर ग्लूटेन नाही, हा आजच्या बाजारात विकता येणारा गुण.

आणि इथे कराचा विचार येतो. महाराष्ट्राने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणले आणि वाइनला उत्पादन शुल्कात मोठी सूट दिली, कारण वाइन ही नाशिकच्या शेतकऱ्याची मानली गेली. नाशिकच्या वाइनरी त्या सावलीत वाढल्या. बिअरला तशी सावली नाही. तिच्यामागे महाराष्ट्रातला शेतकरी उभा नाही. ज्वारीची बिअर झाली तर तो उभा करता येईल, असे कोणी ब्रुअर म्हणेल. पण त्याने सांभाळून म्हणावे. २००७ च्या सुमारास धान्यापासून मद्य करणाऱ्या कारखान्यांना अनुदान देण्याचे धोरण आले, तेव्हा शेतकऱ्याच्या नावाने हाच युक्तिवाद झाला होता आणि त्यावर डॉ. अभय बंगांसारख्यांनी कडाडून टीका केली. बंग याच वर्ध्याचे, सेवाग्रामच्या वातावरणात वाढलेले. गडचिरोलीच्या दारूबंदीमागे त्यांचे मोठे काम आहे. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन ठेवू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला तेव्हाही असाच गदारोळ झाला आणि तो निर्णय अमलात आलाच नाही. त्या निर्णयातूनही दारूबंदीचे जिल्हे वगळलेले होते. शेतकऱ्याच्या नावाने दारूला सवलत मागणे महाराष्ट्रात राजकीयदृष्ट्या महाग पडते, आणि मला वाटते पडावेही. छोट्या ब्रुअरीने सवलत मागावी ती छोटेपणाच्या नावाने: उत्पादन कमी तर शुल्क कमी. ब्रिटन, जर्मनी, अमेरिका, तिन्हीकडे अशी चढती पायरी आहे. ती पायरी एकदा असली, की ब्रुअर कोकम घालतो की ज्वारी, यात सरकारला पडावे लागत नाही.

बंदी उठली तर वर्ध्यात क्राफ्ट बिअर येईल का? चंद्रपूरचा अनुभव समोर आहे. बंदीचा आढावा घेणाऱ्या रमानाथ झा समितीच्या अहवालानंतर २०२१ मध्ये तिथली बंदी उठली, तेव्हा आधी जिवंत झाले ते जुने परवाने: देशी दारूची दुकाने, परमिट रूम, बार. रांगेत पहिला उभा राहतो तो जुना परवानाधारक. नव्या कल्पनेचा नंबर फार मागे. बंदीने जी कडक दारूची सवय घडवलेली असते तीही एका रात्रीत सौम्य होत नाही.

बंदी न उठताही एक बिअर मात्र वर्ध्यात येऊ शकते. ०.५ टक्क्यांपेक्षा जास्त अल्कोहोल असेल तरच ते मद्य, अशी भारताच्या अन्नसुरक्षा नियमांची व्याख्या आहे. त्याखालची ‘झीरो’ बिअर जगात झपाट्याने वाढते आहे. ती करण्याचे दोन मार्ग. एक, नेहमीची बिअर बनवून निर्वात टाकीत चाळीसेक अंशांवर अल्कोहोल उडवायचे किंवा पडद्यातून गाळून वेगळे करायचे. याची यंत्रे कोट्यवधींची. दुसरा मार्ग, यीस्टला काम करूच द्यायचे नाही: फार गार ठेवायचे, मध्येच थांबवायचे, किंवा माल्टोज ही मुख्य साखर ज्याला पचत नाही असे यीस्ट घालायचे. हा छोट्यालाही झेपतो. गजानन नाईकांची चुना लावलेली मडकी तत्त्वाने याच जातीची.

पण अल्कोहोल नसलेली बिअर फार नाजूक असते. साखर शिल्लक, राखणारे अल्कोहोल गायब. पाश्चराइज केल्याशिवाय ती बाटलीत सुरक्षित राहत नाही. पाश्चरायझर, डबे भरण्याची यंत्रणा, प्रयोगशाळा, वितरण हे सगळे पुन्हा मोठ्या कंपनीचेच सामान. हायनकेन आणि बडवायझर यांनी आपापल्या झीरो बिअर भारतात आधीच आणल्या आहेत. त्यामुळे सेवाग्रामच्या रस्त्यावरच्या एखाद्या दुकानात बिअर नावाचा डबा कधी दिसलाच, तर त्यावर नाव अ‍ॅमस्टरडॅम किंवा सेंट लुइसचे असण्याची शक्यता अधिक. पुण्याच्या छोट्या ब्रुअरचे असण्याची कमी, आणि वर्ध्याच्या ज्वारीची असण्याची त्याहून कमी. हा क्रम उलटवायचा असेल तर काम टॅपरूममध्ये नाही, मगनवाडीसारख्या जागी आहे. ग्रामीण उद्योगांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आजही तिथेच आहे. ज्वारीचा माल्ट, माल्टोज न पचवणारे यीस्ट, आणि पन्नास-शंभर लिटरचे स्वस्त पाश्चरायझर. यातले कोणतेही काम दारूबंदीच्या कायद्याला धक्का लावत नाही.